डाव्या बाजूचे वीस दात

ठाण्याच्या खाडीत एके काळी करवत मासा होता. त्याच्या एका करवतीच्या डाव्या बाजूला वीस दात आहेत, असं एका शोधनिबंधात छापलेलं आहे. ते खोटं आहे. ते मी लिहिलेलं आहे, आणि खोटं आहे हे कळल्यावरही दोन वर्षं मी गप्प बसले. त्या दोन वर्षांचा राग अजून माझ्या पोटात आहे. निम्मा माझ्यावर, निम्मा माझ्या सरांवर. लिहिता लिहिता वाटणी बदलेलही.

सरांविषयी आधी सांगते. त्यांनी माझ्यासाठी काय केलं हे कळल्याशिवाय माझा राग कळायचा नाही.

मी खडवलीच्या शाळेत शिकले. वडील आंबिवलीला एका कारखान्यात कामाला होते. आमच्या घरात माझ्याआधी कुणी बारावीपर्यंतही पोचलं नव्हतं. कल्याणच्या कॉलेजात बी.एस्सी.ला प्राणिशास्त्र घेतलं ते आवड म्हणून नाही, त्या विषयाला जागा शिल्लक होत्या म्हणून. पहिल्या वर्षी सगळ्या मुली प्रॅक्टिकलच्या आकृत्या मागच्या वर्षीच्या जर्नलवरून ट्रेस करायच्या. काचेखाली दिवा लावायचा, जुन्या पानावर कोरं पान ठेवायचं, आणि पाच मिनिटांत झुरळ तयार. मीही तेच केलं. सरांनी माझं पान उचललं, खिडकीच्या उजेडात धरलं आणि सरळ फाडलं.

"हे झुरळ मी सात वर्षं बघतोय," ते म्हणाले. "दर वर्षी याची उजवी मिशी अर्धीच असते. पहिल्या मुलीची पेन्सिल मोडली असणार, आणि तेव्हापासून कल्याणातलं प्रत्येक झुरळ अर्ध्या मिशीचं आहे."

वर्ग हसला. मला रडू आलं. त्या दिवशी त्यांनी मला बेडकाच्या सांगाड्यासमोर बसवलं आणि कॉलेज सुटेपर्यंत उठू दिलं नाही. "दिसतं तेवढंच काढ. माहीत आहे ते काढू नकोस," एवढंच सांगितलं. मी काढलेला बेडूक वाकडा होता, पण माझा होता. पुढे घरात माझ्या लग्नाचा विषय निघाला तेव्हा हेच सर खडवलीला आमच्या घरी आले, आईने दिलेला चहा प्यायले, आणि वडिलांना म्हणाले, "मुलगी हुशार आहे असं मी म्हणणार नाही, हुशार पुष्कळ असतात. हिला बघता येतं." वडिलांना त्यातलं किती कळलं माहीत नाही. पण लग्न थांबलं. एम.एस्सी. झाली, डोंबिवलीच्या एका ज्युनिअर कॉलेजात नोकरी लागली, आणि सरांच्या हाताखाली पीएच.डी.साठी नावही नोंदवलं गेलं. यातलं एकही त्यांच्याशिवाय झालं नसतं. हे मी तेव्हाही मानत होते, आजही मानते.

माझा विषय होता खाडीतून नाहीसे झालेले मासे. मासाच नसेल तर त्याचं वर्णन कशावरून करणार? जे उरलंय त्यावरून. कुणाच्या घरी कपाटावर ठेवलेला मणका, कुणाकडे वाळलेली शेपटी. माजिवड्यावरून खाडीकडे उतरलं की एक जुनं कोळ्यांचं गाव लागतं. टॉवरांच्या मागे ते आता शोधावं लागतं. तिथल्या देवीच्या देवळात, मूर्तीच्या वर आडवी टांगलेली करवत आहे, हे मला एका विद्यार्थिनीने सांगितलं. कुठल्या तरी पिढीतल्या माणसाच्या जाळ्यात तो मासा आला, आणि त्याचं करवतीसारखं लांब नाक देवीला वाहिलं गेलं. करवत मासा शार्कसारखा दिसतो, पण तो चपट्या पाकट माशाचा नातेवाईक. त्याच्या कल्ल्यांच्या फटी पोटाच्या बाजूला असतात. त्या लांब नाकावर बारीक भोकं असतात, आणि गाळाखाली लपलेल्या प्राण्याच्या अंगातली अगदी सूक्ष्म वीज त्याला त्यांतून कळते. दोन्ही कडांना असतात ते खरे दात नव्हेत. ते मोठे झालेले खवले, पण प्रत्येकाला स्वतःची खोबण असते. दात पडला तर पुन्हा येत नाही, आणि नवा कुठे वाढत नाही. मासा जितके दात घेऊन जन्मतो तितक्याच खोबणी घेऊन मरतो. म्हणून करवतीचं वर्णन करताना बाकी काहीही चुकलं तरी चालेल, दातांची संख्या चुकता कामा नये. दुसरा मासा आणून ताडून बघायची सोय नाही.

देवळात मला एका सकाळी तीन तास मिळाले. करवत खाली काढायची नाही, ही अट होती. मी स्टूलवर चढून दोरा आणि व्हर्निअर घेऊन मोजत होते, आणि खाली एक म्हातारी बसून माझ्याकडे टक लावून बघत होती. करवतीवर दर नारळी पौर्णिमेआधी ऑइल पेंटचा हात मारतात, आणि तो मान त्या आजींच्या घराकडे. इतक्या वर्षांचा रंग साचून करवत जाड झाली होती. पातं चंदेरी, दातांची टोकं लाल. उजवीकडे एकोणीस दात भरले, डावीकडे वीस. डावीकडच्या बुंध्याजवळचे पाच मला खटकले. ते फार जवळजवळ होते आणि सगळे एकाच मापाचे होते.

मी तिथूनच सरांना फोन केला. ते येणार होते, पण कॉलेजात मीटिंग निघाली होती.

"सर, पाच दात वेगळे वाटतायत. एकावरचा रंग खरवडून बघायची परवानगी मागू का?"

"देवळात खरवडायला लागलीस तर हाकलून देतील," ते म्हणाले. "आणि पुन्हा पाय ठेवू देणार नाहीत. दिसतंय ना? लिही."

दिसतंय ते लिही, हे तर त्यांनीच शिकवलं होतं. मी लिहिलं. मग सरांनी निबंधात एक परिच्छेद स्वतः घातला: बुंध्याजवळ दाटीने असलेले दात हे या खाडीतल्या माशांचं वेगळेपण असू शकतं. ज्या करवतीला त्यांनी डोळ्यांनी पाहिलं नव्हतं तिच्याबद्दल त्यांनी अर्धं पान लिहिलं, आणि मी ते टाइप केलं. निबंध छापून आला. सरांनी माझं नाव पहिलं घातलं होतं. असं कुठला गाइड करतो? वडिलांनी पहिल्या पानाचं लॅमिनेशन करून घेतलं आणि ते टीव्हीच्या शेजारी ठेवलं.

एक प्रत मी गावात द्यायला गेले. त्या आजी ओट्यावर जवळा निवडत होत्या. मी त्यांना छायाचित्र दाखवलं. त्यांनी हात पदराला पुसले, कागद डोळ्यांजवळ धरला आणि त्या पाच दातांवर बोट ठेवलं.

"ह्ये माझे नवऱ्याचे हातचे," त्या म्हणाल्या.

मला कळलं नाही. "म्हणजे?"

"यो दात नाय पोरी. साग हाय."

त्यांचा नवरा होड्या बांधणारा होता. एका वर्षी देवळात मंडपाचा बांबू पडला आणि करवतीचे तीन दात उडाले. खंडित वस्तू देवीपुढे ठेवत नाहीत. मोडलेली करवत खाडीत सोडून द्यावी लागली असती. तशी चर्चाही सुरू झाली. तेव्हा त्या माणसाने कुणाला न सांगता होडीच्या उरलेल्या सागवानातून दात घडवले, तुटलेल्या खोबणी होडीच्या सांध्यांत भरतात ती लांबी भरून बुजवल्या, नवी भोकं पाडली आणि दात बसवले. वर रंग दिला. सकाळी गावाने बघितलं तर करवत पुरी.

"पण आजी, तीन पडले होते ना? मग पाच कशाला?"

"तीन लावले तं बाजूला फट दिसत व्हती," आजी म्हणाल्या. "बरा नाय दिसत. मंग दोन जास्ती लावले." मग माझ्या तोंडाकडे बघून त्यांनी विचारलं, "का गो? कमी परले का?"

त्या विचारत होत्या ते खरोखरच. त्या घरातून कोयती घेऊन आल्या, मला देवळात घेऊन गेल्या, स्टूलवर मला चढवलं आणि खालून सांगितलं, टोकाला नको, बुडाशी खरवड. चंदेरी, मग निळा, मग पुन्हा चंदेरी रंग निघाला. खाली लाकडाच्या रेषा होत्या.

मी त्याच दुपारी कल्याणला सरांच्या केबिनमध्ये गेले. मला वाटलं होतं ते हसतील, कपाळावर हात मारतील आणि म्हणतील, चल, आत्ता शुद्धिपत्र लिहू. त्यांनी दार लावून घेतलं.

"कुणाला सांगितलंस?"

"कुणाला नाही."

"मग झालं. अगं, जगात दुसरं कोण त्या देवळात स्टूलवर चढणार आहे?"

"सर, पाचही लाकडाचे आहेत. त्यावर आपण आख्खा परिच्छेद लिहिलाय."

"पहिलं नाव तुझं आहे," सर म्हणाले. आवाज चढवला नाही त्यांनी. "बदनामी झाली तर तुझी होईल. मला काय, मी इथे आता तीन वर्षांचा सोबती. तुझा प्रबंध अजून माझ्या टेबलावर आहे. मी तुझ्या भल्याचं सांगतोय. खडवलीहून आलेल्या मुलीला इथपर्यंत कोण आणतं?"

ही धमकी होती की माया, हे मला तेव्हा ठरवता आलं नाही. आज ठरवता येतं. ती दोन्ही एकाच वाक्यात होती, आणि म्हणूनच तिला उत्तर देता येत नव्हतं. पहिलं नाव देताना त्यांच्या मनात काही काळंबेरं नव्हतं, हे मी शपथेवर सांगेन. पण दिलेली गोष्ट अशी गळ्याशी धरता येते, हे त्यांना त्या दुपारी सुचलं, आणि सुचल्यावर त्यांनी ते वापरलं.

मी गप्प बसले. प्रबंधावर त्यांची सही हवी होती. रोज वर्गात मी अकरावीच्या मुलांना सांगायचे की बघितल्याशिवाय आकृती काढू नका, आणि सांगताना माझा आवाज नको तितका मोठा व्हायचा. एक मुलगा मुंगूस काढताना शेपटी विसरला तर मी त्याच्यावर इतकी ओरडले की शेजारच्या वर्गातल्या मॅडम डोकावल्या. त्या मुलाचा काही दोष नव्हता. प्रबंध मान्य झाला, पदवी मिळाली, घरी पेढे वाटले. मग गप्प बसायचं कारण संपलं, तरी मी गप्पच होते. सवय लागली होती, दुसरं काही नाही. याचा मला सगळ्यात जास्त राग येतो. सहीसाठी गप्प बसले ते एक वेळ मी स्वतःला समजावू शकते. त्यानंतरचे महिने कशासाठी?

मग एका मुलीचा ईमेल आला. ती दक्षिणेतल्या एका विद्यापीठात संशोधन करत होती, किनाऱ्यावरच्या देवळांतल्या आणि घरांतल्या करवतींची यादी करत होती. तिने फार आदराने लिहिलं होतं. बुंध्याजवळ असे दाट पाच दात तिला दुसऱ्या एकाही करवतीत सापडले नव्हते. ठाण्याच्या खाडीतले मासे वेगळे असावेत असं तिला वाटत होतं, आणि प्रबंधाचं एक प्रकरण ती त्यावर उभं करत होती. माझं मत काय, असं तिने विचारलं होतं.

मी तो ईमेल स्टाफरूममध्ये वाचला आणि माझे कान तापले. होडी बांधणाऱ्या एका माणसाने फट वाईट दिसते म्हणून लावलेली दोन लाकडं, आणि त्यांतून आता खाडीत एक वेगळा मासा तयार होत होता. अर्ध्या मिशीचं झुरळ कल्याणबाहेर तरी गेलं नव्हतं.

नुसतं लाकूड आहे म्हणून भागणार नव्हतं. मुळात किती खोबणी होत्या हे दाखवायला हवं होतं. नारळी पौर्णिमेआधी रंगासाठी करवत खाली उतरते, तेव्हा मी आजींकडे गेले. मला वाटत होतं त्या नाही म्हणतील. करवत आतून मोडकी आहे हे छापून आलं तर गावात बोंब होईल, देवळाच्या समितीतली पोरं ती खाडीत सोडा म्हणतील. मी हे सगळं त्यांना सांगितलं. लपवून काही करायचं नव्हतं मला. पुरे झालं होतं.

"मोडकी कशी?" आजी म्हणाल्या. "त्यानी पुरी केली ना? लिव तू. त्यानी केली, ता पन लिव. आजवर कोनी लिवला नाय."

जुन्या लुगड्यात गुंडाळून आम्ही दोघींनी ती करवत रिक्षातून माजिवड्याच्या एका एक्स-रे सेंटरला नेली. तिचं टोक रिक्षाच्या बाहेर राहत होतं, म्हणून आजींनी वाटभर त्यावर हात ठेवला होता. सेंटरमधला मुलगा म्हणाला, "पेशंट कुठंय?"

मी लुगडं उलगडलं.

"हे?" त्याने माझ्याकडे पाहिलं. "फ्रॅक्चर आहे का मॅडम?"

"दात बघायचेत."

"दातांचं मशीन वेगळं असतं."

"मशीन नको शिकवू," आजी म्हणाल्या. "फोटो कार. देवीचा हाय."

मुलाने चपला दाराबाहेर काढून ठेवल्या आणि करवत टेबलावर सरळ केली. मग कॉम्प्युटरशी अडला. "वय टाकल्याशिवाय पुढे जात नाही. किती टाकू?"

"माझे सासऱ्याचे बापाचे जाल्यान आलेला. लाव हिशेब."

दोनच आकडे बसत होते म्हणून त्याने नव्व्याण्णव टाकलं. मी तेवढ्या दिवसांत पहिल्यांदा हसले.

फिल्म तीन भागांत आली. डावीकडे पंधरा दात पांढरेशुभ्र, त्यांची मुळं खोल गेलेली. त्यांच्यानंतर तीन रिकाम्या खोबणी, लांबीखाली बुजलेल्या. म्हणजे मुळात अठरा. आणि त्या खोबणींच्या मधेमधे आणि बाजूला पाच फिकट सावल्या, प्रत्येकीत एक चमकता ठिपका. होडीच्या फळ्यांना मारतात तो तांब्याचा खिळा. आजींनी फिल्म खिडकीशी धरून ते पाच खिळे बोटाने मोजले आणि फिल्म मला परत दिली.

मी सरांना दाखवायला गेले. त्यांनी फिल्म उजेडात धरली आणि बराच वेळ बघत राहिले. "किती स्वच्छ आलंय," ते हळूच म्हणाले. क्षणभर ते माझे पहिल्या वर्षाचे सर होते. मग फिल्म पाकिटात घातली. "पाठवू नकोस. पुढच्या वर्षी निवृत्त होतोय मी. निरोपाच्या दिवशी लोकांनी हे बोलायचं का?"

"सर, एक मुलगी यावर प्रकरण लिहितेय."

"लिहू दे. तिच्या गाइडने बघावं."

"तुम्ही माझं झुरळ फाडलं होतं."

"ते बी.एस्सी.चं जर्नल होतं गं," सर म्हणाले.

मला वाटतं त्या वाक्याला वाटणी बदलली. त्याआधी मी त्यांच्यावर चिडले होते, पण त्यांनी शिकवलेलं खरं मानून चिडले होते. आता कळलं की ते त्यांनी मार्कांपुरतं शिकवलं होतं, आणि मी वेड्यासारखी ते आयुष्यभराचं समजून घेऊन गेले होते. मी पाकीट उचललं आणि नमस्कार न करता बाहेर पडले. तसं मी आजवर कधी केलं नव्हतं.

शुद्धिपत्रावर दोघांच्या सह्या हव्यात, असं संपादकांनी कळवलं. सरांनी सही केली नाही. मग मी एकटीच्या नावाने वेगळं टिपण पाठवलं: आधीचं वर्णन चुकीचं आहे, चूक माझी आहे, डावीकडे मूळ खोबणी अठरा, पाच दात सागवानी, ते बसवणारा माणूस होड्या बांधत असे आणि त्याने ते बसवले नसते तर ही करवत आज अस्तित्वात नसती. शेवटच्या वाक्यावर संपादकांनी विचारलं की हे शास्त्रात बसतं का. मी लिहिलं की बसतं, आणि ते वाक्य राहिलं. आभारात मी सरांचं नाव घातलं, मला बघायला शिकवल्याबद्दल. मनापासून घातलं होतं. टिपण छापून आल्यावर त्यांचा मेसेज आला: "टोमणा पोचला." मी दोनदा उत्तर टाइप केलं आणि दोन्ही वेळा पुसलं. विभागात ते सांगतात की मी उपकार विसरले. ज्यांना सांगतात त्यांतल्या एकानेही टिपण उघडून वाचलेलं नाही.

त्या मुलीला मी टिपण पाठवलं तेव्हा सोबत सगळं लिहिलं, मी दोन वर्षं जाणून गप्प होते हेसुद्धा. चार दिवसांनी तिचं उत्तर आलं. प्रकरण काढून टाकलं होतं, त्यासाठी केलेला एका पावसाळ्यापासून दुसऱ्या पावसाळ्यापर्यंतचा सगळा प्रवास वाया गेला होता, मुदत वाढवून मागावी लागणार होती. शेवटी तिने लिहिलं होतं, मॅडम, तुम्ही वेळेवर सांगितलंत, तुमचे उपकार कसे फेडू.

मी तिला लगेच उत्तर लिहायला बसले. वेळेवर सांगितलेलं नाही, असं लिहिलं. उपकार तर अजिबात नाहीत. माझ्यावर रागव, असं लिहिलं, आणि तुझ्या गाइडला विचार की त्यांनी एक्स-रे का मागितला नाही.